ऑक्सिजन एकाहत्तर, डेव्हिएशनवर पास

६ मार्च, गुरुवार. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी.
गेल्या वर्षी कंपनीने दिवाळीला दिलेली डायरी कोरीच पडली होती. छापील तारखा खोडल्या की यंदाही चालते. वाया कशाला घालवायची.
निर्णय झाला. मे महिन्यात हिमालय. उत्तराखंडातली बेलधार खिंड, उंची चौदा हजार दोनशे फूट.
तशी कल्पना समाधानची. समाधान माझ्या हाताखालचा क्वालिटी इन्स्पेक्टर. धाराशिवकडचा, वय एकोणतीस, लग्न व्हायचंय. काल तेरा दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन आला. आमच्या चाकणच्या कारखान्यात तेरा दिवस रजा फक्त लग्नाला मिळते, नाहीतर अ‍ॅक्सिडेंटला. कारण विचारलं तर म्हणाला, साहेब, बर्फ बघायचाय, आजवर फक्त फ्रीजमधला बघितलाय. घरी येईपर्यंत विचार केला. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ट्रॅफिकमुळे विचाराला दीड तास मिळाला. एवढ्या उंचीवर पोराला एकट्याला सोडणं जबाबदार माणसाला शोभत नाही. आज त्याला फोन करून माझंही नाव घालायला सांगितलं. त्याला आनंद झाला असावा. दोनदा विचारलं, साहेब, तुमी सोताच?
कस्तुराला सांगितलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, तुम्हाला आकुर्डी स्टेशनचा जिना चढताना दम लागतो. बायकोला माणसाची झेप कळत नाही. दुर्लक्ष केलं.

९ मार्च
प्लॅन तयार. पहाटे पाचला उठणे. आपल्या बिल्डिंगचा अकरा मजली जिना चार वेळा. नंतर पाठीवर सॅक घेऊन इंद्रायणीच्या पुलापर्यंत. साखर बंद. चहा बंद. कॅन्टीनचा वडा बंद.
पहिली फेरी सहाव्या मजल्यापर्यंत. तिथे ओळखीच्यांनी आत बोलावलं, गरम पोहे होते. नाही म्हणणं बरं दिसेना. उरलेले पाच मजले लिफ्टने. उतरताना गुडघ्यावर ताण येतो असं वाचलंय, म्हणून उतरतानाही लिफ्ट.
चहा एकदम तोडणं शरीराला बाधतं. हळूहळू.

१३ मार्च, गुरुवार
दिवसभर वाचन. विषय सोपा निघाला. वर हवा विरळ, ऑक्सिजन कमी. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. दहा हजार फुटांच्या वर मुक्काम रोज दीड हजार फुटांपेक्षा जास्त वर न्यायचा नाही. तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसा थोडं वर चढून खाली येऊन झोपलं तर उत्तम. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, चक्कर ही लक्षणं. लपवायची नाहीत. वाढली तर खाली उतरायचं. संपलं. आमच्या एका बोल्टचं ड्रॉइंग याहून अवघड असतं.
सर्वांत कामाची गोष्ट तीन ठिकाणी वाचली. माणूस किती फिट आहे याचा या त्रासाशी संबंध नाही. पैलवानालाही होतो.
म्हणजे जिन्याचा उपयोग नाही. जिना बंद.

२३ मार्च
खरा प्रश्न उंचीच्या सवयीचा. मग ती घरूनच का सुरू करू नये? मोशी समुद्रसपाटीपासून अठराशे-एकोणीसशे फूट. त्यावर आमची गच्ची एकशे दहा फूट. आजपासून झोप गच्चीवर. मेपर्यंत शरीर एकशे दहा फुटांना पूर्ण तयार होईल. उरतात बारा हजार. ते तिकडे बघू.
वर्षाली, आमची मुलगी, ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती हसली. या कॉलेजांतून काय शिकवतात देव जाणे.

२६ मार्च
डास. नदीकाठचे डास अकराव्या मजल्याच्या वर येत नाहीत हे बिल्डरचं म्हणणं खोटं आहे.
सकाळी सोपानराव टाकीतलं पाणी बघायला वर आले. सोपानराव आमच्या सोसायटीचे चेअरमन, मोशीचे मूळचे. ही बिल्डिंग त्यांच्याच ज्वारीच्या रानात उभी आहे. मला चादरीत बघून म्हणाले, वहिनींशी भांडान झालंय व्हय? म्हटलं तसं काही नाही, हिमालयाची तयारी. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, आपल्या सोसायटीतनं हिमालय? मग आमाला कायतरी केलं पाहिजे राव.
माणूस कदरदान आहे.
आजपासून झोप घरात. तीन रात्रींत सवय झाली असं वाटतंय.

५ एप्रिल
डॉक्टरकडे गेलो. तपासलं, बरे आहात म्हणाले. उंचीसाठी गोळ्यांची एक पट्टी दिली, चढायच्या आदल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ. लघवीला जास्त होईल, बोटांना मुंग्या येतील, घाबरू नका. दारू नको, झोपेची गोळी नको, आणि त्रास झाला तर बरोबरच्या माणसाला लगेच सांगा. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मी काय लहान आहे?
गोळी घेणार नाही. पार्ट मापात बसत नाही म्हणून त्यावर रंग मारायचा, तसला हा प्रकार. कस्तुराने पट्टी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली. राहू दे. समाधानला लागेल.

१२ एप्रिल
वर्षालीने कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर शोधून काढलं. माझं रीडिंग अठ्ठ्याण्णव. समाधान घरी आला होता, त्याचं शहाण्णव. पोराची काळजी वाटते.
रीडिंग हा माझा प्रांत. बावीस वर्षं ब्रेकचे पार्ट मोजतोय. आमच्याकडे पार्ट मापात बसत नसेल आणि गिऱ्हाइकाची घाई असेल, तर वरच्या साहेबाची सही घेऊन तो 'डेव्हिएशनवर' पास करतात. म्हणजे पार्ट चुकीचाच, फक्त सहीमुळे चालतो. बावीस वर्षांत मी अशी एक सही केलेली नाही. गेल्या वर्षी समाधानने एक पार्ट मापात बसेपर्यंत चार वेळा मोजला, तेव्हा त्याला मेमो दिला. सगळ्या लाइनसमोर सांगितलं, पहिलं रीडिंग तेच खरं रीडिंग. ते वाक्य आता भिंतीवर लावलंय. खाली माझं नाव आहे.

२७ एप्रिल
मोशीच्या चौकात फ्लेक्स लागला. माझा.
बारा बाय आठ फूट. मागे बर्फाचे डोंगर. 'मोशीची शान, हिमालयवीर मा. नवनाथभाऊ कानडे यांनी बेलधार शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक सोपानराव व समस्त मित्रपरिवार.' माझा फोटो आधार कार्डावरचा. सोपानरावांचा त्याच्या दुप्पट, गॉगल घालून, फोन कानाला लावलेला. बेलधार शिखर नाही, खिंड आहे. पण मुद्दा तो नाही. मी अजून मोशीतच आहे.
सोपानरावांना गाठलं. म्हणाले, लग्नसराई हाय, फ्लेक्सवाला मोकळा व्हता तवाच छापून घेतला. तुमी चढणारच हाय की. का न्हाई?
चढणारच, म्हणालो.
दूधवाल्याने अभिनंदन केलं. रिक्षावाल्याने केलं. सोसायटीच्या ग्रुपवर बेचाळीस अंगठे. आता वर जाणं भाग आहे. खालून परत आलो तर हा चौक सोडून राहायला जावं लागेल.

७ मे. पायथ्याचं गाव, साडेसहा हजार फूट.
पोचलो. चौदा जणांचा ग्रुप. लीडर अंजली नावाची पहाडी मुलगी, सव्वीस वर्षांची. मला अंकल म्हणते.
तिने नियम सांगितले. रोज संध्याकाळी ऑक्सिजन मोजणार. पंचाहत्तरच्या खाली गेलात तर वर नाही. आकडा चांगला असून डोकं दुखत असेल तरी सांगायचं. लपवणारा माणूस स्वतःबरोबर दुसऱ्यालाही खाली आणतो, असं म्हणाली. मी सगळ्यांच्या वतीने मान डोलावली.
तिच्या ऑक्सिमीटरवर कॅलिब्रेशनचा स्टिकर नाही. कधी तपासलं, कोणी तपासलं, काही नोंद नाही. तिच्या लक्षात आणून दिलं. म्हणाली, अंकल, चलता है. हेच आपल्या देशाचं दुखणं.
रीडिंग त्र्याण्णव. समाधान चौऱ्याण्णव. मशीनमध्ये फरक आहे.
गोळ्या समाधानला देऊ केल्या. तो म्हणाला, साहेब, मी माझ्या कालच चालू केल्यात, तुमी बी घ्या की. घेतो म्हणालो.

८ मे. पहिला कॅम्प, आठ हजार नऊशे.
सर्वांत आधी मी पोचलो. अंजली सतत हळू, हळू म्हणत होती. ते बाकीच्यांसाठी. समाधान तिच्या मागे मुंगीसारखा चालला, दर पंधरा मिनिटांनी पाणी. त्याला लाइनवरही वेग नाही.
रीडिंग अठ्ठ्याऐंशी.

९ मे. दुसरा कॅम्प, दहा हजार तीनशे.
डोकं थोडं जड. चष्म्याचा नंबर वाढला असणार. जेवण बेचव, दोन घास खाल्ले. इकडच्या लोकांना फोडणी जमत नाही.
रीडिंग ऐंशी. समाधान नव्वद.
तंबूतून समोरचा डोंगर दिसतो, त्याच्या डोक्यावर बर्फ. समाधान चहा हातात धरून बघत बसला, चहा गार झाला. अंजली म्हणाली, पायाखाली बर्फ हवा असेल तर चौथ्या कॅम्पला. तो म्हणाला, मॅडम, मी बूट काढून पाय ठेवणार हाय. सगळे हसले.

१० मे. तिथेच.
आज आरामाचा दिवस. आठशे फूट वर चढायचं आणि परत इथेच यायचं, शरीराला सवय व्हावी म्हणून. चढून पुन्हा उतरायचं म्हणजे निव्वळ वाया गेलेली मेहनत. कारखान्यात असली स्टेप पहिल्याच मीटिंगमध्ये काढून टाकतात. अंजलीला कागदावर काढून दाखवलं, हा दिवस कापला तर सगळ्यांचा एक दिवस वाचतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि बूट घाला म्हणाली.
माझ्या बुटाची लेस तुटली असं सांगून तंबूत झोपलो. दिवसभर. झोप लागली नाही, डोकं कोणीतरी वर्कशॉपच्या व्हाइसच्या जबड्यात धरून पिळतंय असं. एकदा उलटी. डाळीमुळे.
संध्याकाळी रीडिंग शहात्तर. काठावर पास, पण पास.
अंजलीने विचारलं, सिरदर्द? नाही म्हणालो. समाधान बाजूलाच उभा होता. माझ्याकडे बघत होता. बघू दे.

११ मे. तिसरा कॅम्प, अकरा हजार आठशे.
शेवटून पहिला आलो. इतरांना पुढे जाऊ दिलं, सिनियर माणसाने मागे राहावं.
रीडिंगच्या आधी घरचं ऑक्सिमीटर लावून बघितलं. एकाहत्तर. बोट बदललं. एकाहत्तर. डावा हात. एकोणसत्तर.
ही मशीन जुनी आहे. सेल कमजोर आहे. शिवाय बोट गार. गार बोटावर रीडिंग चुकतं हे शास्त्र आहे. चहाचा ग्लास घेऊन बोट शेकलं. मग दहा लांब श्वास, भराभर. मग रांगेत उभा राहिलो आणि नंबर येईपर्यंत श्वास चालू ठेवले.
सत्याहत्तर. अंजलीने वहीत लिहिलं.
याला फसवणं म्हणत नाहीत. उद्या चौथा कॅम्प, परवा खिंड, की मग उतारच उतार. दोन दिवसांचा प्रश्न. एवढ्यासाठी मालाचा लॉट थांबवत नाहीत. एका ठिकाणी सही करून पुढे पाठवतात. केली.
चौकात फ्लेक्स आहे.

१२ मे. सकाळ.
मन एकदम क्लिअर. डोकं दुखतं पण मन क्लिअर.
बूट घातला. डावा. मग डावा.
समाधान म्हणतो तुमी इतकं हळू का बोलायलाव. मी हळू बोलत नाही. तो भराभर ऐकतो.
आज चौथा कॅम्प. मन क्लिअर. हे वर लिहिलंय का?
अंजली बोलावते आहे. सरळ रेषेत चालायचं म्हणे. काय पोरखेळ

१३ मे. पायथ्याचं गाव.
डोकं ठीक. चार पोळ्या खाल्ल्या, फोडणी उत्तम होती.
कालचं मला नीट आठवत नाही. समाधानने सांगितलं ते लिहितो, काही ठिकाणी माझा आक्षेप आहे.
अंजलीने काठीने मातीत रेघ ओढली आणि पावलाला पाऊल लावून त्यावर चालायला सांगितलं. मी मोठ्याने हसलो म्हणे. बावीस वर्षं शॉपफ्लोअरवर पिवळ्या पट्ट्यांच्या आत चालणारा माणूस मी, झोपेतही पट्टा सोडत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. हिंदीत सांगायला गेलो आणि मराठीत सांगितलं. मग चाललो. तिसऱ्या पावलाला रेघ सुटली. पाचव्याला मी खेचरांच्या चाऱ्यावर बसलो होतो. मी तिला म्हणालो म्हणे, रेघ वाकडी आहे, रेघ रिजेक्ट करा. समाधान म्हणतो रेघ सरळ होती. माझा आक्षेप.
आकडा श्वास घेऊन वाढवता येतो. रेघेवर काही करता येत नाही.
अंजलीने पुन्हा ऑक्सिजन मोजला, शेकू न देता. अडुसष्ट. तिने एक इंजेक्शन दिलं आणि आवाज न चढवता सांगितलं, मेंदूला सूज येण्याची सुरुवात असू शकते, आत्ताच्या आत्ता खाली. उद्यापर्यंत थांबलो तर उतरवायला अंकल उरणार नाहीत. हे तिने समाधानला सांगितलं. मी समोरच बसलो होतो, पण मला समजेल असं तिला वाटलं नाही.
खेचर, ऑक्सिजनचं सिलिंडर, एक पहाडी माणूस. पण अंजली म्हणाली, याच्या ओळखीचं कोणीतरी पाहिजे. हा नेहमी कसा बोलतो हे माहीत असेल त्यालाच वाटेत बिघडलं तर कळेल. तिने सगळ्यांकडे बघितलं, समाधानकडे सोडून. समाधानने सॅक उचलली.
चौथ्या कॅम्पला पायी चार तास राहिले होते.

१३ मे. दुपार.
बाकीचे आत्ता खिंडीवर असतील. ऊन स्वच्छ आहे.
आता इतकं बरं वाटतंय की उगाच उतरवलं असं मनात आलं. मुलगी नवखी आहे, घाबरली असेल. तसं समाधानला म्हणालो. तो कपडे वाळत घालत होता. पाठमोराच म्हणाला, साहेब, तुमी चहाच्या ग्लासावर बोट शेकायलाव ते मी बघितलं. आदल्या दिवशी उलटी केलाव ते बी ऐकलं. मॅडमला सांगावं म्हणून दोनदा तंबूपर्यंत गेलो आणि माघारी आलो. तुमच्या रीडिंगवर कंपनीत कोण बोलतंय का? चूक माझी बी हाय.
त्याने चूक कबूल केली हे मला आवडलं.
मग तो मोजे पिळायला लागला. वर घालायचे म्हणून घेतलेले जाड लोकरीचे मोजे, नवे. लेबल तसंच होतं. कालच्या उतारात ओढ्याच्या पाण्यात भिजले.
मला काही तरी बोलायचं होतं. चहा घेणार का विचारलं. घेतलाय म्हणाला.

१७ मे. मोशी.
परत येताना ठरवलं होतं, चौकातून तोंड लपवून जायचं. टोपी, मास्क, गॉगल. चौकात फ्लेक्स नाही. सोपानरावांना विचारलं. म्हणाले, तुमी गेला त्याच्या तिसऱ्या दिशी म्हापालिकेची गाडी आली, समदे फ्लेक्स काढून नेले. परवानगी न्हवती ना राव. आणि लगेच, कसं काय, झालं का शिखर सर?
तिसरा दिवस म्हणजे मी पायथ्यालाही पोचलो नव्हतो.
खालूनच बघून आलो, म्हणालो. ते म्हणाले, हरकत न्हाई, पुढच्या टायमाला परवानगी काढून लावू.
कस्तुराने सॅक रिकामी केली. गोळ्यांची पट्टी अख्खी. तिने ती माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि आमटी वाढली. वर्षाली हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

१९ मे
कामावर हजर. कॅन्टीनमध्ये सगळे समाधानभोवती. कसा होता बर्फ, फोटो दाखव. मी मागच्या टेबलवर होतो. समाधान म्हणाला, वर लई बर्फ पडला, खिंड बंद केली त्यांनी, समद्यांनाच माघारी फिरवलं. असेंब्लीचा विक्की म्हणाला, अरेरे, भावा. समाधान म्हणाला, निसर्गापुढं काय चालतंय का.
मी उठून सांगायला पाहिजे होतं. तोंडात वडा होता.
दुपारी लाइनवर त्याने एक पार्ट मोजला, पहिल्याच रीडिंगला रिजेक्टच्या लाल पेटीत टाकला. माझ्याकडे बघितलंही नाही. बघायचं कारणही नव्हतं.

२४ मे
संकल्प. उद्या सांगणार.

२६ मे
काल रविवार होता, सगळे हजर नव्हते. उद्या.

३ जून
ऑडिट चालू आहे. ऑडिटमध्ये असल्या गोष्टी काढत नाहीत.

६ जून
आज सांगितलं.
जेवणाच्या सुट्टीत उभा राहिलो. म्हणालो, खिंड बंद नव्हती. मी ऑक्सिजनचं रीडिंग खोटं दिलं, गोळ्या घेतल्या नाहीत, उलटी लपवली, आणि मला खेचरावर घालून उतरवलं. माझ्यामुळे समाधानला परत यावं लागलं. एका दमात बोललो. लाज वाटली. हा शब्द या वहीत पहिल्यांदाच आला.
कोणी चमकलं नाही. दोघांनी जेवण चालू ठेवलं. विक्की म्हणाला, सर, आम्हाला माहीत आहे. तुमच्या ग्रुपमधल्या कोणीतरी खेचरावरचा फोटो टाकला होता, तो फिरत फिरत तुमच्या आधी इकडे पोचला. समाधान म्हणाला सरांसमोर विषय काढायचा नाही, म्हणून नाही काढला.
म्हणजे एकोणीस तारखेला कॅन्टीनमध्ये त्याला बर्फाचं विचारणाऱ्या सगळ्यांना मी खेचरावरून उतरलो हे आधीच माहीत होतं. ते विचारत होते माझ्यासाठी, आणि तो खोटं बोलत होता तेही माझ्यासाठी. मी वडा खात होतो.
चार वाजता समाधान टेबलाशी आला. रजेचा अर्ज. डिसेंबर, नऊ दिवस, बर्फातला दुसरा एक सोपा ट्रेक. बरोबर कोण विचारलं. विक्की हाय, म्हणाला.
मी म्हणालो, मीही येऊ शकतो. या वेळी गोळ्या पहिल्या दिवसापासून घेईन. हळू चालेन. डोकं दुखलं की सांगेन, तुलाच सांगेन.
तो अर्जाकडे बघत राहिला. माणूस नाही कसं म्हणावं याचा विचार करतो तेव्हा जसा उभा राहतो तसा उभा होता. मग म्हणाला, साहेब, या वेळेला असू द्या. तुमी सही तेवढी करा.
सही केली. नऊ दिवस मंजूर.
त्याने अर्ज घडी घालून खिशात ठेवला, थँक्यू साहेब म्हणाला आणि लाइनवर गेला.